तोड चालू असलेल्या रानात तंबू आणि झोपड्या: मुकादमानं, कंत्राटदारानं काय करायचं

तोडीच्या पट्ट्याजवळ कुणी तंबू ठोकलाय किंवा ताडपत्री बांधून मुक्काम केलाय असं कळलं, की मुकादमाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यांना हाकलायचं कसं? खरं तर हाकलणं हे तोड करणाऱ्याचं कामच नाही. तो अधिकार जमीनमालकाचा, वन खात्याचा, पोलिसांचा आणि कोर्टाचा. तोड करणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे, आणि ती जास्त कडक आहे. पडणारं झाड, घरंगळणारा ओंडका आणि भरलेला ट्रक जिथवर पोचू शकतो, तिथं माणूस असता कामा नये. तो कायदेशीर आलाय की बेकायदा, याच्याशी झाडाला देणंघेणं नसतं. माणूस हटला तर काम चालू, नाही हटला तर करवत बंद. बाकी सगळ्या पायऱ्या ही वेळ येऊ नये म्हणून आहेत, आणि त्यातल्या बहुतेक पहिलं झाड पडायच्या आधीच करायच्या असतात.

समोर कोण आहे ते आधी बघा

सगळ्यांना एकाच पद्धतीनं हाताळायला गेलात तर फसाल. शनिवार-रविवारी येणारा हौशी कॅम्पर सांगितलं की निघतो. त्याला फक्त माहीत नसतं. गाडीत किंवा व्हॅनमध्ये महिनोन्महिने राहणाऱ्या माणसाचं ते घर असतं. गाडी बंद पडलेली असू शकते, जायला दुसरी जागा नसू शकते. त्याला ‘दोन तासांत निघा’ म्हणणं व्यर्थ आहे. तिसरे झोपडी बांधून राहिलेले. त्यात निव्वळ अतिक्रमण असेल, तसाच पिढीजात वहिवाटीचा हक्कही असू शकतो, आणि हा फरक बांधावर उभं राहून ठरवता येत नाही. आंदोलक हा वेगळाच विषय. ते तोड थांबवण्यासाठीच आलेले असतात, त्यामुळे धोका समजावून सांगितल्यानं ते जात नाहीत. तिथं पहिल्या तासापासून पोलीस आणि वकील लागतात.

आणखी एक प्रकार क्वचित भेटतो, पण तो ओळखता आलाच पाहिजे: रानात लपवलेली गांजाची शेती. आडबाजूला गेलेला काळा पाइप, खताच्या पिशव्या, मुद्दाम छाटलेली झुडपं दिसली की पुढे पाऊल टाकू नका. कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय वनांत अशा ठिकाणी कार्बोफ्युरानसारखी अतिविषारी कीटकनाशकं सापडलेली आहेत. बाटली, डबा, पाइप कशालाही हात लावू नका. आलात त्याच वाटेनं मागे फिरा, जागेची जीपीएस नोंद पोलिसांना द्या, आणि तो भाग मोकळा झाल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत तिकडे गडी पाठवू नका.

पायरी 1: धोक्याचं वर्तुळ आखा

सगळे निर्णय या वर्तुळावर उभे आहेत, म्हणून इथं घाई नको. हातकरवतीच्या तोडीला किमान हिशोब सोपा आहे: पट्ट्यातल्या सर्वांत उंच झाडाच्या दुप्पट अंतर. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) तोडकामाच्या नियमांत शेजारी काम करणाऱ्या दोन टोळ्यांमध्ये कमीत कमी इतकंच अंतर मागितलंय. झाड 30 मीटरचं असेल तर 60 मीटर. दुप्पट का, असं नवे गडी विचारतात. झाड एकटं पडत नाही. ते शेजारच्याला घेऊन पडतं, वाळकी फांदी फेकतं, शेंडा मोडून पुढे उडवतं.

पण हे अंतर सपाट जमिनीचं आहे. उतारावर खालच्या बाजूचं वर्तुळ पार ओढ्यापर्यंत किंवा पुढच्या सपाटीपर्यंत ओढा, कारण सुटलेला ओंडका वाटेत थांबत नाही. तंबू कुठं असतात? ओढ्याकाठी, खालच्या सपाटीवर. म्हणजे नेमके तिथंच.

हार्वेस्टर, म्हणजे झाड पाडून त्याचे तुकडे करणारं यंत्र, असेल तर हिशोब बदलतो. करवतीची साखळी तुटली की तिचा एखादा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा पात्याच्या रेषेत सुटतो. केबिनची जाड पॉलिकार्बोनेट खिडकी चालकाला वाचवते. तंबूच्या कापडाला ते जमत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळा. कित्येक यंत्रांवर ते 70 मीटर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. तारेनं ओंडके ओढायचे असतील तर ताणलेल्या तारेच्या कोनाच्या आतली सगळी जागा धोक्याची धरा. कप्पी सुटली तर तार त्याच कोनातून झटक्यात सरळ होते.

रस्ताही वर्तुळातच मोजा. अमेरिकेत महामार्गावर भरलेल्या ट्रकचं एकूण वजन 36 टनांपर्यंत जातं. असा ट्रक खडीच्या उतारावर वळण घेत असताना समोर रस्त्यात उभी व्हॅन दिसली, तर चालकाच्या हातात फारसं काही उरत नाही. वळणाआडची रुंद जागा कॅम्परना गाडी लावायला आवडते, आणि तीच जागा ट्रकला समोरच्या ट्रकला वाट द्यायला लागते.

पायरी 2: तोडीआधी पायी फिरा

कागदावरची पाहणी पुरत नाही. काम सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा आणि आदल्या दिवशी पुन्हा, वर्तुळ पायी पालथं घाला. एक फेरी सुट्टीच्या दिवशी करा आणि एक भल्या पहाटे. दुपारी गेलात तर राहणारे कामाला किंवा पाण्याला गेलेले असतात आणि रान रिकामं वाटतं. धुराची रेघ, कुत्र्याचं भुंकणं, ताज्या टायरच्या खुणा, पाण्याकडे जाणारी मळलेली पायवाट, दोन झाडांमध्ये बांधलेली दोरी बघा. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगीचे नियम तपासा, आणि तंबूवर ड्रोन घिरट्या घालू देऊ नका. बोलणी सुरू व्हायच्या आधीच समोरचा भडकतो.

मुक्कामाच्या आसपासच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याकडे नीट बघा. खिळे, हूक, तार, झोळीचे स्क्रू ठोकलेले असतात, आणि दोन वर्षांत साल त्यावरून वाढून सगळं झाकून टाकते. चालती साखळी खिळ्यावर आदळली तर तोडणाऱ्याला इजा होते; ओंडका तसाच पुढे गेला तर गिरणीचं पातं जातं. अशा झाडांवर रंगाची खूण करा, मेटल डिटेक्टर फिरवा, शंका राहिली तर बुंध्याचा खालचा भाग सोडून वरून कापा किंवा ते झाडच राहू द्या.

सापडलेल्या प्रत्येक मुक्कामाची नोंद ठेवा: तारीख, वेळ, जागा, किती तंबू, किती गाड्या, मुलं किंवा वृद्ध आहेत का, पाळीव जनावरं आहेत का. फोटो जागेचे काढा, माणसांच्या चेहऱ्यांचे नकोत. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर ही वही लागते. गेलं नाही तरी कुठल्या पट्ट्यातून तोड सुरू करायची ते हिच्यावरूनच ठरतं.

पायरी 3: अधिकार कुणाचा ते कागदावर आणा

करारात हा मुद्दा नसेल तर सही करायच्या आधी घालून घ्या. वर्तुळात माणसं सापडली तर कुणाला कळवायचं, त्यांना हलवण्याची जबाबदारी कुणाची, आणि त्यापायी काम थांबलं तर खाडे कुणाच्या खात्यावर, या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. तिसरी सर्वांत महत्त्वाची. थांबण्याचा खर्च कंत्राटदाराच्या गळ्यात असला, की मुकादम ‘एवढं एक झाड पाडून घेऊ’ म्हणतो.

कायदा देशोदेशी इतका वेगळा आहे की ऐकीव माहितीवर चालूच नका. अमेरिकेच्या बऱ्याच राष्ट्रीय वनांत एका जागी 14 दिवसांपर्यंत मुक्काम चालतो, पण विनापरवाना घर करून राहणं नियमाविरुद्ध आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्कच दिलाय. तिथं ‘ही खासगी जागा आहे, निघा’ हे वाक्य चालत नाही, पण तोडीच्या काळात फलक आणि सूचना पाळा असं तिथली आचारसंहिता लोकांना सांगते. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 पासून दुसऱ्याच्या निवासी इमारतीत घुसून राहणं फौजदारी गुन्हा आहे. रानातल्या तंबूला तेच कलम लावता येत नाही. भारतात 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे, वनात राहणाऱ्या आदिवासींच्या आणि इतर पारंपरिक वननिवासींच्या दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्यांना ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. म्हणजे एकच झोपडी एका ठिकाणी अतिक्रमण ठरेल, तर दुसऱ्या ठिकाणी हक्काची. म्हणून निर्णय मालकाकडून किंवा खात्याकडून लेखी घ्यायचा.

मोठ्या क्षेत्राला बंदीचा आदेश हाच उपाय असतो, आणि तो वेळेत मागावा लागतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या बेंड शहराजवळ, डेशूट्स राष्ट्रीय वनातल्या चायना हॅट रस्त्याच्या भागात गाड्यांमध्ये आणि तंबूंमध्ये राहणारी बरीच माणसं होती. वणव्याचा धोका कमी करण्यासाठी विरळणी आणि झाडोरा काढण्याचं काम हाती घेताना तिथं मे 2025 पासून दीर्घ मुदतीची बंदी लागली. काही रहिवासी कोर्टात गेले. तातडीची स्थगिती मिळाली नाही. ‘या माणसांनी जायचं कुठं’ हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत चर्चेत राहिला. त्याचं उत्तर कंत्राटदाराकडे नसतं, पण बंदी लागेल तेव्हा उत्तर शोधणाऱ्या संस्था हजर असतील इतकी आधी सूचना देणं नक्की जमतं.

पायरी 4: फलक आणि अडथळे

एकच फलक प्रवेशावर लावला की झालं, असं समजू नका. रानात शिरायच्या पायवाटा, ओढ्याकडची बाजू, जुन्या ओढकामाच्या (ओंडके ओढून नेण्याच्या) वाटा, सगळीकडे हवेत. ‘प्रवेश बंद’ एवढंच लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही, कारण असे फलक वर्षानुवर्षे टांगलेले असतात. काय चाललंय, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या वेळेत, पर्यायी वाट कुठली आणि फोन कुणाला करायचा हे लिहा. पडणाऱ्या झाडाचं चित्र हवंच; वाचता न येणाऱ्यांना आणि परभाषकांना तेवढंच कळतं. काम संपलेल्या पट्ट्यातले फलक त्याच दिवशी काढा, नाहीतर चालू पट्ट्यातल्या फलकांवरचाही विश्वास उडतो.

रस्त्यावर साखळी बांधायची असेल तर तिला चमकणाऱ्या पट्ट्या लावा. संधिप्रकाशात दुचाकीस्वाराला नुसती तार दिसत नाही. आणि आत कुणी असताना फाटकाला कुलूप लावू नका. आग लागली तर तेच कुलूप जिवावर बेतेल.

पायरी 5: बोलायला जाताना

दोघं जा, एकटं नको. जाण्याआधी तळावर सांगून जा आणि परतायची वेळ ठरवून ठेवा. गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावा. हातात कुऱ्हाड, करवत, दांडकं नको. हेल्मेट आणि चमकतं जाकीट असू द्या, म्हणजे कोण आलंय ते लांबूनच कळतं. तंबूपासून अंतर ठेवून हाक मारा, उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका, तंबूची चेन कधीच उघडू नका. कुत्रं मोकळं असेल तर मालक ते बांधेपर्यंत थांबा.

बोलणं साधारण असं असावं: “नमस्कार. मी वरच्या तोडीवर देखरेखीला आहे. सोमवारी पहाटेपासून या उतारावर झाडं पाडणार आहोत. तुमचा तंबू आमच्या धोक्याच्या हद्दीत येतो. पलीकडे टेकाडाच्या मागे आमचं काम नाही. मालकाची परवानगी लागेल तर हा त्यांचा नंबर. सामान हलवायला किती वेळ लागेल तुम्हाला?” यात धमकी नाही, कायद्याचा कीस नाही, ‘तुम्ही लोक’ नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. माणूस वेळ सांगतो, म्हणजे जायचं हे त्यानं निम्मं मान्य केलेलं असतं.

पर्यायी जागा सांगताना जपून. तुमच्या मालकीची नसलेली जागा ‘तिकडे राहा’ म्हणून देऊ नका. आज संध्याकाळपुरतं कुठं थांबता येईल ते मालकाला किंवा खात्याला आधी विचारून गेलात तर चर्चा लवकर संपते. गाडी बंद पडल्यामुळे कुणी अडकलं असेल तर ती ओढून रस्त्यावर आणून देणं हा दिवसभर यंत्र उभं ठेवण्यापेक्षा स्वस्त सौदा आहे. फक्त मालकाची संमती आणि विम्याची अट बघून घ्या.

नशेत असलेला, ओरडणारा, हत्यार दाखवणारा माणूस भेटला तर वाद घालू नका. मागे फिरा, पट्टा थांबवा, पोलिसांना कळवा. त्याच्या तंबूची दोरी कापणं, सामान उचलून फेकणं, गाडीची हवा सोडणं, रात्री मुद्दाम यंत्र चालवून त्रास देणं यातलं काहीही करू नका. अशानं बेकायदा तो ठरायच्या ऐवजी तुम्ही ठरता.

पायरी 6: रोजचा फेरा

काल रिकामं होतं म्हणून आज रिकामं असेल असं धरायचं नाही. करवत सुरू व्हायच्या आधी रोज त्या दिवसाच्या वर्तुळाचा फेरा झालाच पाहिजे, आणि ‘मोकळं आहे’ असं रेडिओवर सांगणारा एकच माणूस ठरलेला हवा. चार जणांवर सोडलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं.

उन्हाळ्यात हे आणखी जिकिरीचं होतं. आगीचा धोका वाढला की कामाची वेळ पहाटेकडे सरकते. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत आगीच्या धोक्याच्या दुसऱ्या पातळीला बहुतेक ठिकाणी करवतीला दुपारी 1 ते रात्री 8 बंदी असते. मग टोळ्या पहाटेच्या अंधारात काम सुरू करतात, म्हणजे कॅम्पर गाढ झोपेत असतात तेव्हा. अशा दिवसांत फेरा टॉर्च घेऊन, हाका मारत, हॉर्न वाजवत करा. यंत्राच्या दिव्यांवर भिस्त ठेवू नका. करडा किंवा हिरवा तंबू त्यात मिसळून जातो.

पट्ट्याला लागून सार्वजनिक वाट असेल तर पहारेकरी ठेवा. त्याच्याकडे रेडिओ हवा, त्याला चालकाशी थेट बोलता आलं पाहिजे, आणि त्यानं ‘थांबा’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. पगार वाचवायला पहारेकऱ्यालाच फांद्या ओढायला लावू नका.

दिवसाअखेर अडकलेलं झाड, अर्धं कापलेलं झाड, लोंबकळती फांदी तशीच सोडून घरी जायचं नाही. संध्याकाळी गडी गेले की त्याच जागी लोक सरपणाला येतात. खरोखर उतरवता आलं नाही तर चहूबाजूंनी पट्टी बांधा, फलक लावा आणि मालकाला कळवा. ओंडक्यांचे ढीग रस्त्याकडेला असतील तर कमी उंचीचे आणि पाचर मारून पक्के रचा. कॅम्परची मुलं त्यावर चढणारच. किल्ल्या यंत्रात ठेवू नका, डिझेलच्या टाकीला कुलूप लावा, बॅटरीचा कट-ऑफ बंद करा.

पायरी 7: आगीचं बघा

तोडीनंतर जमिनीवर वाळक्या फांद्यांचा थर असतो, आणि त्याला शेजारची शेकोटी पुरते. वर्तुळाबाहेर असलेल्या मुक्कामांशीही हे बोलून ठेवा: शेकोटीची बंदी कधीपासून आहे, धूर दिसला तर कुणाला कळवायचं, आणि बाहेर पडायची वाट कुठली. ट्रकांनी ती वाट अडवू नये याची जबाबदारी तुमची. विझलेली दिसणारी शेकोटी सापडली तर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का बघा.

पायरी 8: नाही हटले तर

तुमच्या बाजूनं फक्त दोन गोष्टी. पहिली, त्या वर्तुळातलं काम बंद आणि टोळी दुसऱ्या पट्ट्यात. म्हणूनच आखणी करताना हाताशी एक पर्यायी कूप (तोडीचा पट्टा) मोकळा ठेवा. दुसरी, मालकाला लेखी कळवणं: कधी बोललो, काय सांगितलं, काय उत्तर मिळालं. नोटीस, मुदत, पंचनामा, पोलीस बंदोबस्त हे त्यांचं काम आणि ते त्यांच्या गतीनं होतं. रिकामं करून घ्यायच्या दिवशी तुमची यंत्रं तिथं उभी नकोत. त्यांच्याकडे बघूनच माणसं बिथरतात.

पायरी 9: मागे राहिलेलं आणि शेवटचं आवरणं

माणसं गेली तरी सामान उरतं, आणि टाकून दिलेलं दिसतं म्हणून ते टाकलेलंच असतं असं नाही. किती दिवस सांभाळायचं, कुठं ठेवायचं हे ठिकठिकाणच्या नियमांत ठरलेलं असतं. मालकाकडून लेखी कळेपर्यंत यंत्रानं लोटू नका. कागदपत्रं, औषधं, फोटो दिसले तर वेगळे ठेवून पोचवायला सांगा. साफसफाईला जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट हवेत. कचरा हातानं दाबायचा नाही, सुया असतात. मैला, रसायनं, मोठी घाण असेल तर त्या कामाची माणसं बोलवा.

गॅसच्या टाक्या आणि एरोसॉलचे डबे मोजून बाहेर काढा. ते नजरेआड फांद्यांच्या ढिगात गेले, तर जाळायच्या दिवशी ढीग फुटतो.

काम संपल्यावर ओढकामाच्या वाटा तशाच मोकळ्या सोडल्या तर पुढच्या हंगामात तिथं नवी वस्ती दिसेल. तोंडाशी मातीचा बांध घाला किंवा मोठे दगड टाका, वाटेवर फांद्या पसरा. अग्निशमनाला लागणारी वाट मात्र फाटक लावून वापरती ठेवा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. फांद्यांचे ढीग महिनोन्महिने वाळत पडतात, आणि थंडीत त्यांच्या आडोशाला माणसं झोपतात. म्हणून जाळायच्या दिवशी प्रत्येक ढिगाभोवती फिरा, हाका मारा, पोकळीत टॉर्च मारून बघा, आणि मगच पेटवा.